कव्हरमधली चप्पल: 'कॉपी मारली' म्हणायच्या आधी आणि म्हटल्यावर काय करायचं

गाणं तयार झालेलं असतं. कुणाच्या तरी वरच्या खोलीत भिंतींना सोलापुरी चादरी टांगून रेकॉर्डिंग झालेलं असतं (आवाज घुमू नये म्हणून, आणि खरंच चालतात), मिक्सिंगवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात, तारीख इन्स्टावर टाकलेली असते आणि आदल्या रात्री अकराला कुणाला तरी आठवतं की अरे कव्हर (गाण्यासोबत दिसतं ते चित्र) कुठाय. मग मला फोन. "दादा, सकाळपर्यंत एक कव्हर होईल का ओ?" आणि मागोमाग पिंटरेस्टचा स्क्रीनशॉट, खाली लिहिलेलं, "सेम असंच, फक्त नाव आपलं टाका."

मी सोलापुरात नव्या पेठेच्या बाजूला बसतो, लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर हा खरा धंदा, गाण्यांची कव्हरं हा शौक आणि आता थोडाफार जोडधंदा. सगळ्यांना तेच तेच फोनवर सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पहिल्यांदा गाणं काढणाऱ्यांसाठी आहे, आणि पहिल्यांदा कव्हर करायला घेतलेल्या डिझायनर पोरांसाठी पण.

आधी माझीच फजिती, कारण पुढचं सगळं त्यावरूनच सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी मित्राचं गड्ड्याचं, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेचं, गाणं होतं. हातात दोन दिवस. मी इन्स्टावर शोधलं, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा एक फोटो सापडला, नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या), बाराबंदी (पांढरा अंगरखा) घातलेले मानकरी, मागे गर्दी, एक नंबर फोटो. उचलला, फोटोशॉपमध्ये टाकला, पेन टूलने कडा धरून धरून सगळा ट्रेस केला, आत केशरी भरला, मागे जांभळा. चार तास गेले. मनात म्हटलं आता हा फोटो राहिलाच नाही, हे माझं चित्र आहे, मेहनत माझी आहे. गाणं आलं, लोकांनी स्टेटसला ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याचा मेसेज आला. शिवी नाही, काही नाही, एकच ओळ. "डाव्या बाजूला बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराचे पाय बघ बे."

बघितले. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय मोकळा. गर्दीत त्या पोराची एक चप्पल पडलेली आणि मी इमानदारीत एक पाय चपलेचा आणि एक उघडा असा ट्रेस करून ठेवलेला, करताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता नंदीध्वज सिद्धरामेश्वरांचे, गर्दी सगळ्या सोलापूरची, केशरी रंग कुणाच्या बापाचा नाही. पण ती एक चप्पल त्या फोटोवाल्याची होती. तिथे मी सापडलो.

तेव्हापासून मी प्रत्येक कव्हरमध्ये चप्पल शोधतो. तुम्हीपण शोधायला शिका, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

पायरी १. कॉपी म्हणजे नेमकी कशाची, ते वेगळं काढा

"ढापलंय" हा शब्द लोक कशालाही वापरतात. चाल सारखी वाटली तरी ढापलं, ठेका सारखा वाटला तरी, गाण्याचं नाव तेच असलं तरी, आणि दोन्ही कव्हरवर पाठमोरा माणूस उभा असला तरी. हे सगळं एका पोत्यात भरू नका.

चालीचं थोडक्यात सांगतो कारण तो वेगळा विषय आहे. बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९७० च्या 'माय स्वीट लॉर्ड'वर १९६३ च्या 'हीज सो फाइन'ची नक्कल म्हणून केस झाली आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की त्याने मुद्दाम केलं नसेल पण नकळत केलं, आणि नकळत केलेलं पण मोजलं गेलं. म्हणजे "मी मुद्दाम नाही केलं" हे उत्तर पुरत नाही. उलट २०२३ मध्ये एड शीरनच्या 'थिंकिंग आउट लाउड'वर मार्विन गेच्या १९७३ च्या गाण्यावरून केस झाली तेव्हा ज्युरीने शीरनच्या बाजूने निकाल दिला, त्याचं म्हणणंच हे होतं की हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) म्हणजे गाणी बांधायच्या विटा, विटांवर कुणाचा हक्क कसा असेल. आपल्याकडे राग आणि ठेक्याचं तसंच समजा.

कव्हरचं पण हेच आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की नुसत्या कल्पनेवर किंवा विषयावर कॉपीराइट नसतो, ती कल्पना ज्या तऱ्हेने मांडली त्या मांडणीवर असतो. एका नाटककाराने सिनेमावाल्यांवर केस केली होती, विषय सारखाच होता, तरी नाटककार हरला. कसोटी साधारण अशी की दोन्ही बघितलेल्या साध्या माणसाला हे त्याच्यावरूनच उचललंय असं ठाम वाटलं पाहिजे.

म्हणजे पाठमोरा गायक, धुरातला चेहरा, निळा-जांभळा निऑन उजेड, गाडीच्या बोनेटवर बसलेला हिरो, पावसातली छत्री, हे सगळं फुकट आहे, कुणीही वापरा (वापरू नका खरं तर, बघून बघून कंटाळा आलाय, पण गुन्हा नाही). भानगड सुरू होते ती बारीक निवडींमध्ये. माणूस कुठल्या कोनातून घेतला, काय कापलं, उजेड कुठून, अक्षर कुठं ठेवलं, आणि त्या फोटोत चुकून काय आलं. चुकून आलेली गोष्ट सगळ्यात पक्का पुरावा, कारण ती कुणी दुसरा स्वतःहून तशीच सुचवून घेत नाही.

एक उदाहरण घेऊन सराव करू. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकन गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोने तिच्या 'सावर प्रॉम' कार्यक्रमाचा फोटो टाकला, डोक्यावर मुकुट, हातात फुलं, डोळ्यातून काजळ ओघळलेलं. गायिका कोर्टनी लव्हने लगेच स्वतःच्या होल बँडच्या १९९४ च्या 'लिव्ह थ्रू धिस' अल्बमचं कव्हर आठवून दिलं, त्यावर पण मुकुटवाली मुलगी, फुलं आणि ओघळलेला मस्करा. आता मोजा. मुकुट कुणाचाही, फुलं कुणाचीही, रडलेले डोळे कुणाचेही, आणि मुकुट घातलेल्या मुलीची वाताहत तर १९७६ च्या 'कॅरी' सिनेमात पण आहे. पण तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत, त्याच थाटात आल्या की ओळख पटतेच. माझं मत विचाराल तर ही चप्पल नाही, पण चपलेचा ठसा आहे. कोर्टनी लव्हने पण कोर्टाची भाषा केली नाही, तिने फुलं आणि एक चिठ्ठी मागितली. म्हणजे रुसवा विचारलं नाही याचा होता, आणि आपल्याकडची पण निम्मी भांडणं याचीच असतात.

पायरी २. पिंटरेस्ट बंद करा, बाहेर पडा

कव्हरसाठी दुसऱ्यांची कव्हरं बघायची नाहीत. हा माझा नियम आहे, तुम्हाला जाचक वाटेल. कव्हर बघून केलेलं कव्हर हे कव्हरसारखंच दिसतं, आणि पिंटरेस्टवर मूळ कुणाचं हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, त्यामुळे माफी मागायला पण माणूस सापडत नाही.

त्याऐवजी गाण्याचे शब्द कागदावर लिहा आणि त्यातल्या वस्तूंवर गोल करा. भावनांवर नको, वस्तूंवर. "विरह" वर गोल केलात की परत तीच छत्री येणार. एका पोराच्या गाण्यात वडलांच्या कारखान्याचा उल्लेख होता, अशोक चौकाच्या पलीकडे त्यांचे चार पॉवरलूम. तो म्हणाला कव्हरवर मी गॉगल घालून. मी म्हटलं चल आधी बघून येऊ. तिथं जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे एकाला एक ओवून टांगलेले असतात, त्या भोकांवरून चादरीवर नक्षी उमटते. आम्ही एक जुना, बाद झालेला पुठ्ठा घेतला, मागून बल्ब धरला आणि मोबाइलने फोटो काढला, भोकांमधून उजेडाचे ठिपके त्याच्या तोंडावर. गॉगलची गरज पडली नाही. तो फोटो जगात दुसरीकडे कुठेच नाही, कारण तो पुठ्ठा त्याच्या वडलांचा, आणि त्याच्या एका कोपऱ्यात कुणीतरी पेनने केलेला हिशोब आहे. ती आमची चप्पल.

(तिथून परत येताना डिस्को भजी खाल्ली, हा खर्च कव्हरच्या बजेटमध्ये धरायचा.)

दुसऱ्याच्या गोष्टीवरून काही करायचंच असेल तर गाण्याच्या दुनियेबाहेरून घ्या. जॉय डिव्हिजन बँडचं १९७९ चं 'अननोन प्लेझर्स' तुम्ही टीशर्टवर शंभर वेळा बघितलंय, काळ्यावर पांढऱ्या डोंगरासारख्या रेषा. त्या रेषा एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओ लहरींच्या आहेत, बँडमधल्या एकाला खगोलशास्त्राच्या विश्वकोशात ते चित्र दिसलं, आणि डिझायनर पीटर सॅव्हिलने पुस्तकातलं पांढऱ्यावर काळं होतं ते उलटं करून काळ्यावर पांढरं केलं, पुढच्या बाजूला बँडचं नाव पण टाकलं नाही. डोकं भारी. पण मूळ आलेख हॅरॉल्ड क्राफ्ट नावाच्या संशोधकाच्या १९७० च्या पीएचडीतला, आणि आपलं चित्र अल्बमवर आहे हे त्याला नंतर दुसऱ्याकडून कळलं, मग तो दुकानात जाऊन रेकॉर्ड विकत घेऊन आला. तो भला माणूस निघाला म्हणून. सगळे तसे निघत नाहीत, म्हणून विज्ञानाच्या पुस्तकातून घ्या, जुन्या नकाशातून घ्या, पण विचारून घ्या.

पायरी ३. दुसऱ्याचं वापरताय तर कुठलं, किती, कशासाठी

फोटो पहिला. नेटवर दिसला म्हणजे फुकट नाही. आपल्याकडे फोटोवर पण काढणाऱ्याच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, कोपऱ्यात नाव लिहिलेलं असो नसो. आणि ट्रेस केला, रंग बदलला, आरसा केला, फिल्टर मारला म्हणजे नवीन झालं हा माझा गैरसमज होता तसा अर्ध्या सोलापूरचा आहे.

हा गैरसमज मोडायला एक केस पुरेशी आहे. लिन गोल्डस्मिथने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा काळा-पांढरा फोटो काढला. १९८४ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'ने तो फोटो ४०० डॉलर देऊन, चित्रकाराला बघून काढायला म्हणून, एकदाच वापरायच्या बोलीवर घेतला आणि चित्र काढलं अँडी वॉरहोलने, जांभळा चेहरा. वॉरहोलने मात्र त्या एका फोटोवरून १६ चित्रं करून ठेवली. २०१६ मध्ये प्रिन्स गेला तेव्हा त्यातलंच केशरी चित्र मासिकाच्या खास अंकावर आलं, वॉरहोलच्या फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले आणि फोटोवालीला ना पैसे ना नाव. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी फोटोवाली जिंकली. अमेरिकेचा कायदा वेगळा, निकाल पण तेवढ्याच वापरापुरता, मान्य. पण केशरी भरला म्हणून वॉरहोलचं भागलं नाही तिथं मी कोण?

फोटोत माणूस असेल तर त्याला वेगळं विचारा. व्हॅम्पायर वीकेंड बँडच्या २०१० च्या 'काँट्रा' अल्बमवर एका बाईचा जुना पोलरॉइड होता. फोटोवाला म्हणत होता माझ्याकडे परवानगी आहे, बाई म्हणत होती मी दिलीच नव्हती, तिने २० लाख डॉलरचा दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. आपल्या गल्लीतली आजी कट्ट्यावर बसलेली फोटोत भारी दिसते, पण आजींना आणि घरच्यांना सांगा की हा फोटो गाण्याच्या कव्हरवर येणार आहे, यूट्यूबवर दिसणार आहे, आणि त्यांच्या मुलाकडून व्हॉट्सॲपवर "चालेल" असं लिहून घ्या. एक मिनिटाचं काम आहे.

टेम्प्लेट. कॅनव्हाचं टेम्प्लेट वापरणं चोरी नाही, पण तेच टेम्प्लेट दुसरे पण वापरणार, तुम्हाला ते एकट्याला विकलेलं नसतं. एकाच आठवड्यात दोन गाणी सारख्या कव्हरची आली आणि दोघं एकमेकांना चोर म्हणत बसले हे मी बघितलंय. दोघंही चोर नव्हते, दोघंही आळशी होते.

फॉन्ट. कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर आलेला फॉन्ट नको. गुगल फॉन्ट्सवर मुक्त, बाळू, मोदक, यात्रा वन, खंड असले देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत, धंद्याच्या कामाला पण चालतात. दुसऱ्या गायकाचं खास काढून घेतलेलं अक्षरी नाव असतं ना, ते मात्र फॉन्ट समजून उतरवू नका, ते चित्रच आहे.

एआय. लोक म्हणतात आता कशाला डोकं चालवायचं, लिहून टाकायचं आणि चित्र येतं. येतं, पण "अमक्या कव्हरसारखं" असं लिहिलंत तर अमक्यासारखंच येणार, आणि नक्कल कुठून झाली हे तुम्हाला पण सांगता येणार नाही. शिवाय उद्या तुमचं कुणी उचललं तर भांडायला पाय नाही, अमेरिकेत तर माणसाच्या हाताशिवाय झालेल्या चित्राला कॉपीराइट देतच नाहीत. आणि जोडाक्षरं अजून हमखास बिघडतात, एकाच्या कव्हरवर 'सिद्धेश्वर'चं काहीतरी भलतंच झालेलं, छापून आल्यावर दिसलं.

पायरी ४. मुद्दाम नक्कल करायचीय? मग लपवू नका

नक्कल करणं वाईट असं मी म्हणत नाही. द क्लॅश बँडच्या १९७९ च्या 'लंडन कॉलिंग'वर डावीकडे उभं गुलाबी आणि खाली आडवं हिरवं अक्षर आहे, आणि एल्विस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमवर अगदी तसंच आहे. कव्हर करणाऱ्या रे लाउरीने ते उघड उघड केलं. कुणी त्याला चोर म्हणत नाही कारण एक तर एल्विसचं कव्हर सगळ्यांना पाठ होतं, लपवायचं काही नव्हतं, आणि दुसरं म्हणजे फोटो पूर्ण वेगळा, तिथं एल्विस गिटार वाजवत गातोय, इथं बँडमधला पॉल सिमोनन बास गिटार स्टेजवर आपटून फोडतोय. पेनी स्मिथने काढलेला फोटो, तिला तो हललेला वाटत होता म्हणून नको होता. एवढ्या जुन्या अक्षरात नवीन अर्थ आला.

म्हणून मी साधं विचारतो. मूळ लोकांना ओळखता यावं असं तुम्हाला वाटतंय, की ओळखू नये असं? ओळखू नये असं वाटत असेल तर थांबा, ती चोरी आहे, तुम्हाला आतून माहितीय.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, क्रेडिट म्हणजे परवानगी नाही. खाली "फोटो सौजन्य गुगल" लिहिणाऱ्यांना तर मी चहा पाजत नाही.

पायरी ५. अपलोडच्या आधी अर्धा तास

कव्हर गुगल लेन्समध्ये टाका, टिनआयवर (चित्रावरून चित्र शोधणारी साइट) टाका, आणि आडवं फिरवून, म्हणजे आरशासारखं करून, परत टाका. गाण्याचं नाव स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर शोधून त्या नावाच्या बाकीच्या गाण्यांची कव्हरं बघा. मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा, कारण बारकं केल्यावर फक्त मांडणी उरते आणि सारखेपणा तिथंच डोळ्यात भरतो.

मग दोन माणसांना दाखवा, एक भरपूर गाणी ऐकणारा आणि एक अजिबात न ऐकणारा. "कसं वाटलं" विचारू नका, सगळे "लै भारी" म्हणतात. विचारा, "हे बघून काय आठवलं?" माझी बायको दुसऱ्या गटातली, आणि तिने दोनदा मला वाचवलंय, एकदा तर म्हणाली हे त्या साबणाच्या जाहिरातीसारखं आहे, आणि होतं.

फाइल ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी, आरजीबी (स्क्रीनचे रंग). फ्लेक्सवाल्याची सीएमवायके (छपाईच्या रंगांची) फाइल तशीच चढवू नका, रंग मेल्यासारखा दिसतो. कव्हरवर फोन नंबर आणि इन्स्टाचं नाव टाकलंत तर डिस्ट्रिब्युटर (गाणं सगळ्या ॲपवर चढवून देणारा) परत पाठवतो, हे प्रत्येकाला एकदा तरी कळतंच.

पायरी ६. पुरावा आणि कागद

कंटाळवाणं आहे, पटकन संपवतो. मूळ फोटो मोबाइलमधून उडवू नका, लेयरवाली फाइल ठेवा, मधले कच्चे प्रकार स्वतःलाच ईमेल करा म्हणजे तारीख राहते. कागदावरची पेन्सिलची चित्रं पण ठेवा. उद्या कुणी म्हटलं ढापलंय, तर तुमच्याकडे कव्हर कसं कसं होत गेलं हे दाखवायला असलं पाहिजे, ज्याने ढापलेलं असतं त्याच्याकडे फक्त शेवटची फाइल असते.

गायकांनी डिझायनरकडून कागद करून घ्या. फोटो पैसे देऊन काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो, पण डिझायनरच्या ग्राफिकला ते सरळ लागू पडेलच असं धरू नका. हक्क सोपवायचा कागद लेखी आणि सहीचा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, कुठं वापरणार ते लिहिलं नाही तर फक्त भारत धरतो. गाणं तर पहिल्या दिवशीच दुबईत वाजतं. त्यामुळे मुदत, जगभर, कुठं कुठं वापरणार (यूट्यूब, फ्लेक्स, टीशर्ट), आणि "यात वापरलेलं सगळं माझं किंवा परवानगीचं आहे" असं डिझायनरचं एक वाक्य. एका पानात बसतं. हे मी डिझायनर असून सांगतोय. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, काढल्याक्षणीच हक्क असतो, नोंदणी केली तर पुराव्याला जोर येतो.

पायरी ७. आरोप झालाच तर

पहिला तास काहीही पोस्ट करू नका. "जळतात साले" हे स्टेटस तर अजिबात नको, खरी चूक निघाली की तोच स्क्रीनशॉट फिरतो.

दोन्ही चित्रं सारख्या मापाची करून शेजारी शेजारी लावा. सारख्या दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहून काढा, मग त्यातल्या कुणाच्याही नसलेल्या गोष्टींवर काट मारा, रंग, विषय, पाठमोरा माणूस वगैरे. खाली काय उरलं? काही उरलं नाही तर तुम्ही ठीक आहात. चप्पल उरली तर तुम्ही सापडलात, आणि मग वाद घालायचा नाही. माहीत असून केलेल्या उल्लंघनाला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड लिहिलेला आहे, सोलापुरात कव्हरवरून कुणी आत गेलेलं मी बघितलं नाही, पण नोटिशीतला तो आकडा वाचून घाम फुटतो.

चूक असेल तर मी जे लिहिलं होतं ते साधारण असं, हवं तर उचला, याची परवानगी आहे: "नमस्कार दादा. कव्हर तुमच्याच फोटोवरून ट्रेस केलंय, विचारलं नव्हतं, चूक माझी आहे, गायकाची नाही. आज नवीन कव्हर चढवतोय, सगळीकडे बदलायला काही दिवस लागतील. हेच ठेवू दिलंत तर मानधन आणि नाव काय द्यायचं ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं." बघा यात "पण" हा शब्द कुठेच नाही.

चूक नसेल तर तेवढंच थंडपणे: "दोन्ही शेजारी लावून बघितली. विषय एक आहे हे खरं. आमचा मूळ फोटो आणि कच्ची चित्रं सोबत पाठवतोय, बघून सांगा." बहुतेक लोक इथं थांबतात.

यूट्यूबवर स्ट्राइक (कॉपीराइटच्या तक्रारीवरून मिळणारा ठपका) आली तर ती थंबनेलवरून पण येऊ शकते हे लक्षात घ्या, आणि ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनल जाऊ शकतं. तुम्ही खरे असाल तर काउंटर नोटिफिकेशन (तक्रारीला लेखी उत्तर) भरता येतं, मग समोरच्याला दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं. पण ते कायदेशीर कागदपत्र आहे, तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो, रागात भरायचा फॉर्म नाही तो. इथं वकिलाला विचारा, मला नको.

पायरी ८. तुमचं कुणी उचललं तर

वरचीच सगळी कसरत उलटी करा. आधी चप्पल शोधा, मग खाजगीत मेसेज, मग दोन दिवस वाट. ज्या २०२१ मध्ये रॉड्रिगोवर त्या मुकुटाच्या फोटोवरून गदारोळ झाला त्याच वर्षी लोकांनी तिचं 'ब्रूटल' गाणं गायक एल्विस कॉस्टेलोच्या १९७८ च्या 'पंप इट अप'सारखं आहे म्हणून बोंब केली, आणि कॉस्टेलो स्वतः म्हणाला मला काही अडचण नाही, रॉक अँड रोल असंच चालतं, मी पण तेच केलं होतं. दुसरीकडे त्याच वर्षी तिच्या 'गुड फोर यू'वर पॅरामोर बँडच्या लोकांची नावं गीतकार म्हणून लागली. म्हणजे एकाच पोरीला एकाने सोडून दिलं, एकीने फुलं मागितली, एकांना नाव मिळालं. तुम्हाला यातलं काय पाहिजे ते मेसेज करायच्या आधी ठरवा. नाव, पैसे, की काढून टाकणं. हे न ठरवता सुरू झालेली भांडणं व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर चालतात आणि मग दोन्ही बाजू मलाच ॲडमिन करतात.

माझ्या फोटोवाल्याने तेव्हा नाव आणि पंधराशे रुपये मागितले, आणि ते पोरगं कोण हे शोधून त्याच्या घरी एक फ्रेम करून द्यायला लावली. दिली. आता गड्ड्याच्या कव्हरांना फोटो त्याचाच असतो, आधी विचारून, आधी पैसे देऊन.

आणि हो, यात्रेचं गाणं असेल तर संक्रांतीच्या आठवड्यात माझ्याकडे येऊ नका, तेव्हा मी फ्लेक्समध्ये बुडालेला असतो आणि तो फोटोवाला फोन उचलत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या, गाण्याचे शब्द कागदावर लिहून आणा. स्क्रीनशॉट नको.